तिसऱ्या नळाची नोंद

आज सकाळी तुम्ही जो पहिला पेला पाणी प्यायलात, त्यात काय होतं हे तुम्हाला आजवर कोणी लेखी दिलं आहे का?

मलाही दिलेलं नाही. पण अकोल्यात एक बाई होती, जी हे चोवीस तासांत सांगू शकत होती आणि सांगतही होती. तिला तिच्या टेबलावरून उठवण्यात आलं. ती गेल्यावर तिच्यासाठी शोकसभा भरली, आणि ज्यांनी उठवलं त्यांनीच तिच्या शांत स्वभावाचं कौतुक केलं. त्या सभेला सात आठवडे झाले. तेवढे दिवस मी लिहायचं टाळलं, कारण मला लिहायची घाई झाली की काय होतं, ते मी तिच्याच बाबतीत करून बसले आहे.

ती माझी आत्या, शशिकला; मी मित्रा, तिची भाची. बातमी आली तेव्हा मी अमरावतीत छापखान्यात एका पुस्तिकेची प्रुफं वाचत होते. फोन रजियाआपांचा होता. त्या अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडच्या एका गल्लीत राहतात, आणि निवृत्त झाल्यापासून आत्या दर सोमवारी सकाळी त्यांच्या दारच्या नळाचं पाणी बाटलीत भरून न्यायची. आपा म्हणाल्या, "मित्रा, तेरी फुफी आज आई नहीं." मी म्हटलं, येईल, उशीर झाला असेल. "नहीं ना बेटा. सोमवार है. उनको देख के मैं घडी मिलाती थी." त्यांनी जावयाला आत्याच्या घरी पाठवलं. तासाभराने पुन्हा फोन आला. दार उघडंच होतं. आत्या खुर्चीत बसलेली होती, पायात चपला, शेजारी धुतलेल्या बाटल्यांची पिशवी... निघायच्या तयारीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

विहारात आम्ही घरच्यांनी त्रिशरण म्हटलं, तेवढं पुरेसं होतं. पण आत्याच्या जुन्या प्रयोगशाळेतून निरोप आला की तिथेही सभा ठेवली आहे, घरच्यांनी यावं. ही पाणी तपासणारी प्रयोगशाळा कुठली, कोणाच्या अखत्यारीतली, हे मी इथे लिहीत नाही. तशी एक तुमच्याही शहरात आहे, तिचं नाव घाला. साहेब उभे राहिले. ते आता मोठे साहेब झाले आहेत. म्हणाले, "शशिकलाबाई म्हणजे अत्यंत शांत, सहकार्य करणाऱ्या. कधी आवाज चढला नाही. त्यांचा फोटो आपण प्रयोगशाळेत लावणार आहोत." टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या. ज्या खोलीत या बाईला पाच वर्षं पाय ठेवू दिला नाही, त्या खोलीत आता तिचा फोटो राहणार, हार घालून, भिंतीवर, जिथून तिला काही बोलता येणार नाही. आत्याच्या हाताखाली शिकलेल्या एका लॅब टेक्निशियनने बाहेर पडताना मला हळूच विचारलं, "ताई, म्याडमची पाण्याची वही कुठं आहे?" सभेतलं तेवढं एक वाक्य खरं होतं.

आत्या आणि बाबा धामणगाव रेल्वेचे. माझे आजोबा तिथल्या जिनिंग कारखान्यात यंत्रावर कापूस टाकायचे. बाबा शिकून अमरावतीला पोस्टात लागले आणि उरलेला सगळा वेळ पत्रकं लिहीत राहिले. आमच्या घरी गोष्टीची पुस्तकं फार नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्यावर, आणि सुट्टीच्या दिवशी विहारासमोर उभं राहून ती वाटायला शिकले. आत्याला हे सगळं नापसंत होतं. दिवाळीच्या सुट्टीत ती आली की बाबांचं ताजं पत्रक हातात धरून वाचायची आणि म्हणायची, "दादा, ह्यातलं तुले किती माहीत आहे अन् किती वाटते?" बाबा चिडायचे. म्हणायचे, "तू सरकारची नोकर. तुले काय समजते?" ती म्हणायची, "माह्या कागदावर माही सही असते. तुह्या कागदावर 'आपला नम्र' असते." मला तेव्हा ती भित्री वाटायची. पुढे बरीच वर्षं वाटत राहिली.

कॉलेजात असताना मे महिन्यात मी तिच्याकडे अकोल्याला राहायला गेले, तेव्हा तिचं काम पहिल्यांदा पाहिलं. जुनी रीत अशी होती की पाण्याचा नमुना एका पोषक द्रवात घालायचा, दोन दिवस थांबायचं, बुडबुडे दिसले तर दुसऱ्या द्रवात घालायचं, पुन्हा दोन दिवस. पाचव्या दिवशी कागदावर उमटायचं, 'पिण्यास अयोग्य'. तोवर ते पाणी पिऊन झालेलं असायचं, त्याने जुलाब होऊन सलाइनही लागून गेलेलं असायचं. आणि हेसुद्धा नमुना खरा असेल तर. कारण नमुना घ्यायला माणूस निघण्याआधी टाकीवर फोन जायचा, "उद्या येऊन राहिलो." रात्रीतून टाकीत ब्लिचिंग पावडर पडायची. आत्या आलेल्या बाटलीचं बूच उघडून आधी नाकाला लावायची. वास आला की म्हणायची, "घ्या, नवरीले हळद लावून आनली." तिने लेखी मागितलं होतं की नमुने न कळवता घ्या. उत्तर आलं, टाकीवरच्या कर्मचाऱ्यांना पूर्वकल्पना देणे शिष्टाचाराचा भाग आहे. हे वाक्य मी बनवलेलं नाही. तिच्या फाइलीत आहे.

एका प्रशिक्षणात ती नवी पद्धत शिकून आली होती. जंतू वाढून बुडबुडे काढेपर्यंत थांबायचं नाही, त्याच्याजवळचं एन्झाइम ओळखायचं आणि त्यावरून जंतू ओळखायचा. मला समजेना, तर तिने आजोबांचं जिनिंग मध्ये आणलं. "कापसात रुई अन् सरकी चिकटून असते का नाई? जिनमंदून गेली का सुटते. आता असं समज, आपन साखरेले रंग चिकटवला. चिकटून आहे तवर रंग दिसत नाई. जंतूजवय त्याचं जिन असलं, तं थो साखर तोडून खाईन अन् रंग सोडून देईन. रंग दिसला का समजाचं, जिनवाला आत आहे." अशा दोन साखरा असतात. एकीतून पिवळा रंग सुटतो. तो सोडवणारं एन्झाइम पुष्कळ जंतूंकडे असतं, मातीत आणि पालापाचोळ्यात राहणाऱ्यांकडेही. दुसरीतून जे सुटतं ते उजेडात दिसत नाही. अंधारात जांभळ्या दिव्याखाली निळं चमकतं, आणि ते सोडवणारा जंतू बहुतेक करून एकच, माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात राहणारा. तो पाण्यात सापडला म्हणजे त्या पाण्यात मैला आहे. आत्याचं सूत्र होतं, "पिवयं म्हंजे भाऊबंद. निळं म्हंजे थोच."

जांभळा दिवा प्रयोगशाळेने दिला नव्हता. तिने कापडाच्या दुकानात असतो तो, नोटा तपासायचा छोटा दिवा आणला होता. पावडरही स्वतः मागवायची. स्टोअरच्या कोंदट खोलीत भरदुपारी दार लावून, फटीला गोधडी लावून तिने मला ट्यूब दाखवली. आधी नुसतं पिवळं पाणी. मग दिव्याचं बटन दाबलं आणि ते पाणी आतून निळं पेटलं... "किती सुंदर आहे," मी म्हणाले. ती म्हणाली, "सुंदर काहून? हे कोनीतरी पेलं आहे." आणि मग, "नोट खोटी असली तं दुकानदार लगेच दिवा लावून पाह्यते. पानी खोटं असलं तं कोनाच्या बापाले घाई नाई." त्याच आठवड्यात इन्क्युबेटर बंद पडला, तर तिने ट्यूबचा स्टँड खिडकीत ठेवला. "अकोल्याचं ऊन सरकारी नाई, थे बंद पडत नाई." हीच ती साहेबांची शांत बाई.

साहेबांना ती पद्धत खोटी वाटत नव्हती, हे मला ठासून सांगायचं आहे. त्यांनी दिवा लावून स्वतः पाहिलं होतं. त्यांची अडचण वेगळी होती. ते म्हणाले, "बाई, तुमचं निळं मी कुठल्या रकान्यात लिहू? रजिस्टरात रकाना नाही." रकाना नाही म्हणून मैला नाही. ही असली हुशारी मला पगारी माणसांतच दिसली आहे.

तीन वर्षांनी जुन्या शहरातून तक्रारी यायला लागल्या. रजियाआपांच्या गल्लीत घरटी एक माणूस जुलाबाने आडवा होता. आत्या कोणाला न कळवता, टाकीवर फोन जाण्याआधी, स्वतः जाऊन तीन नळांचं पाणी घेऊन आली. एक चौकातला नळ, एक शाळेजवळचा आणि तिसरा रजियाआपांच्या दारचा. तेव्हाच त्यांची पहिली भेट. आपा म्हणाल्या होत्या, "बाई, पानी तो आता है. साथ में और कौन कौन आता है, वो तुम बताओ." मी तेव्हा नेमकी आत्याकडे होते. नुकतीच एका संघटनेच्या कामात पडले होते आणि बाबांच्या पत्रकांना आता माझी भाषा लागली होती. दुसऱ्या दिवशी आत्याचा डबा घरी राहिला, तो मी द्यायला गेले. ती बैठकीला गेली होती. स्टोअरच्या खोलीत स्टँडमध्ये तीन ट्यूब होत्या. तिन्ही पिवळ्या. दिवा तिच्या पिशवीत होता आणि पिशवी तिच्याबरोबर. सकाळी घरातून निघताना ती म्हणाली होती, "दुपारी दिवा लावून पाहू, मंग बोलू."

मी दुपारपर्यंत थांबले नाही. बाराची एसटी धरून अमरावतीला आले. संध्याकाळी मजकूर तयार होता, दुसऱ्या सकाळी गठ्ठे घेऊन आमची पोरं जुन्या शहरात उभी होती. मथळा होता, 'तुमच्या नळाला गटाराचं पाणी'. खाली तिन्ही नळांची नावं, आणि 'प्रयोगशाळेतील खात्रीलायक तपासणीनुसार'. मला ते पत्रक तोंडपाठ आहे. इतकं चांगलं मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं.

त्या दुपारी, मी एसटीत असताना, आत्याने दिवा लावला होता. निळी चमकली फक्त तिसरी ट्यूब, रजियाआपांच्या नळाची. बाकी दोन्हींत नुसते भाऊबंद होते. म्हणजे पाणी चांगलं नव्हतं, पण मैला नव्हता. सगळं शहर नासलेलं नव्हतं. एका गल्लीत, एका जागी पाइप फुटून नाली आत शिरत होती, आणि ती जागा शोधून खणता आली असती. तिने साहेबांना हाताला धरून त्या खोलीत नेलं. हे मला त्याच लॅब टेक्निशियनने सांगितलं. साहेबांनी पाहिलं आणि पहिल्यांदाच म्हणाले, "उद्या लेखी द्या. शेऱ्यात घेतो." रकाना नव्हता, पण शेरा चालणार होता. इतक्या वर्षांत तिला एवढंच हवं होतं, एक लेखी ओळ. दुसऱ्या सकाळी ती ओळ लिहून घेऊन ती कामावर पोचली, तेव्हा साहेबांच्या टेबलावर माझं पत्रक होतं.

पुढचं तुम्हाला सांगायला नको, कारण असंच होतं. टाकीत पावडर पडली. पत्रकारांना बोलावून चौकातल्या आणि शाळेजवळच्या नळाचे नमुने घेतले, जुन्या रीतीने तपासले आणि पाचव्या दिवशी जाहीर केलं की पत्रक ही अफवा आहे. तिसऱ्या नळाचं काय, असं आत्याने भरसभेत विचारलं. उत्तर, "ती खाजगी जोडणी आहे, आमच्या यादीत नाही." मग तिला विचारलं की मान्यता नसलेली तपासणी बाहेर कशी गेली. 'माझ्या भाचीने न विचारता नेली' हे एक वाक्य ती बोलली असती तर सुटली असती. ती म्हणाली, "दोन नळांबद्दल पत्रक चूक आहे. तिसऱ्याबद्दल बरोबर आहे. दोन्ही लिहा." त्यांनी पहिलं लिहून घेतलं. दुसरं लिहिलं नाही. महिन्याभरात तिला आवक-जावकच्या खिडकीवर बसवलं. आतड्यातला जंतू चोवीस तासांत ओळखणारी बाई, शेवटची पाच वर्षं अर्जांवर शिक्के मारत होती.

मी रडत तिच्याकडे गेले, तर तिने मला जवळ घेतलं नाही. चहा केला, कप समोर ठेवला आणि म्हणाली, "मित्रे, तू माह्यापेक्षा साहेबाच्या जास्त कामी आली." मी काहीतरी बोलायला लागले, लोकांना जागं करणं, व्यवस्था, वगैरे. ती म्हणाली, "लोक जागेच होते. संडासात बसून होते रातभर. त्याइले पाइप पाह्यजे होता." त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोललो नाही. मी तिला घमेंडी म्हणत होते. ती मला काय म्हणत होती ते माहीत नाही, पण बहुधा ते बरोबर असावं.

निवृत्त झाली आणि पुढच्याच सोमवारी ती पिशवी घेऊन रजियाआपांच्या दारात उभी राहिली. दर सोमवारी बाटली भरायची, घरी आणून ट्यूब लावायची, मंगळवारी त्याच वेळेला मोरीचं दार लावून, गोधडी टाकून दिवा लावायचा आणि वहीत ओळ लिहायची. तारीख, वेळ, पिवळं, निळं. निळं दिसलं की अर्ज लिहून, स्वतः पाच वर्षं बसली होती त्याच खिडकीवर जाऊन द्यायचा. तिला माहीत होतं की तोंडी तक्रार खिडकीच्या अलीकडेच मरते, आणि शिक्का पडलेला कागद मारायला कोणालातरी सही करावी लागते. खिडकीवरचा नवा कारकून म्हणायचा, "म्याडम, ठेवून जा ना, मारतो शिक्का नंतर." ती म्हणायची, "मी बी असंच म्हणत होती. मार." गल्लीतल्या सगळ्या घरांना तिने पाणी उकळायला लावलं होतं, आणि उकळतात की नाही ते पाहायला ती कोणाच्याही चुलीपर्यंत जायची. आपा म्हणतात, "गॅस हमारा जलता था, जान उसकी जलती थी." अर्जांना उत्तरं येत होती. कार्यवाही सुरू आहे. अंदाजपत्रक तयार होत आहे. संबंधित विभागास कळवले आहे. पाइप मात्र कोणी खणला नाही.

आमची शेवटची भेट गेल्या हिवाळ्यातली, मंगळवारची. मीच गेले होते. तिने काही विचारलं नाही, मोरीत नेलं, एक ट्यूब उजेडात धरली.

"काय दिसते?"

"पिवळं."

"मंग काय लिहिशीन?"

"पिवळं दिसलं, एवढंच."

तिने दार लावलं, दिवा माझ्या हातात दिला. मी बटन दाबलं. निळं... त्या उजेडात मला तिचा चेहरा दिसला. ती ट्यूबकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. "आता शिकली," म्हणाली. "सात वर्सं लागले. तुह्या बापाले तं तेवढे बी पुरले नाई." ती हसली की नाही, सांगता येत नाही, कारण तेवढ्यात मी दिवा बंद केला होता. मग आम्ही दोघींनी मिळून अर्ज लिहिला. त्यातली माझी दोन विशेषणं तिने काढून टाकली.

वही माझ्याकडे आहे. दिवाही. मी आता रविवारी संध्याकाळी अकोल्याला जाते आणि मंगळवारी परत येते. रजियाआपा दारात बादली घेऊन उभ्या असतात आणि माझी दहा मिनिटं चुकली की सुनावतात, "फुफी का नाम डुबाएगी क्या?" आत्याची मोरी, तीच गोधडी, खिळ्याला अडकवलेली. परवाच्या मंगळवारी मी दिवा लावला. तिसरा नळ अजून निळा आहे. तिच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात ती ओळ लिहिली आणि अर्ज घेऊन खिडकीवर गेले. आत प्रयोगशाळेच्या भिंतीवर आत्याचा फोटो लागला आहे. हार सुकला होता. साहेबांनी मला पाहिलं आणि चहा विचारला. मी शिक्का मागितला.

तुम्ही हा लेख वाचून हळहळणार असाल तर नका हळहळू, त्याने काही होत नाही. बाईच्या नावाने पाणपोईही काढू नका. तिच्यात कुठलं पाणी भरणार? एवढं करा. येत्या सोमवारी एका कोऱ्या कागदावर अर्ज लिहा, की माझ्या नळाच्या पाण्याची शेवटची तपासणी केव्हा झाली, नमुना टाकीवर कळवून घेतला की न कळवता, आणि त्यात आतड्यातला जंतू सापडला की नाही, ते मला लेखी द्या. विशेषणं घालू नका. जे माहीत नाही ते लिहू नका. तो कागद तुमच्या गावच्या आवक-जावकच्या खिडकीत द्या. आतला माणूस म्हणेल, ठेवून जा. ठेवून जाऊ नका. शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत तिथेच उभे राहा.